दोन्हीकडून पहिलं पान

बाइंडरबाईंच्या दुकानात शिरायचं तर मान वाकवावी लागते, कारण दार बुटकं आहे. आणि शिरल्यावर जीभ आवरावी लागते, कारण बाई कुणाचं ऐकून घेत नाहीत. वय छप्पन्न, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला, बोटांना बारा महिने खळीचा वास. दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीशी पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, एका खणात सुया, टोचे आणि मेण चोळलेला दोरा, कोपऱ्यातल्या स्टोव्हवर खळीचं पातेलं. शाळांचे हजेरीपट, दवाखान्यांच्या नोंदवह्या, पाठीतून मोडलेले शब्दकोश, अशी सगळी आजारी मंडळी इथं येतात आणि ताठ होऊन घरी जातात.

हे काम बाईंनी वडिलांकडून घेतलं. वडील तोंडाचे मुके होते म्हटलं तरी चालेल, पण एक गोष्ट त्यांनी लेकीच्या डोक्यात पक्की ठोकून बसवली होती. आलेली पानं मोजून घ्यायची आणि मोजून परत द्यायची. पान कमी झालं तर चोर आपण, मग गिऱ्हाईक कुणी का असेना. एकदा एक वकीलसाहेब जाडजूड फाइल घेऊन आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "यातली एवढी चार पानं गळली तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," बाई म्हणाल्या. "आणि मी बोलते फार."

वकीलसाहेबांनी फाइल उचलली आणि दाराला डोकं आपटून घेत निघून गेले. ते टेंगूळ बाई अजून कौतुकानं सांगतात.

तर अशा या बाईंच्या आईचं कूळ एका वहीत सापडत नाही, म्हणून तिला पुरायला जागा देता येत नाही, असं चर्चच्या समितीनं कळवलं. आई अजून जिवंत होती आणि पत्र तिच्याच नावानं आलं होतं. समित्यांना लाज कमीच असते.

आई त्र्याऐंशी वर्षांची. चाळीस वर्षं तिनं लोकांचे कपडे इस्त्री केले, त्यामुळे माणूस आत आला की ती आधी त्याची कॉलर बघायची आणि मग तोंड. आता हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी किती महिने ते सांगितलं नव्हतं, पण 'वर्ष' हा शब्दही काढला नव्हता. आईचं मागणं एकच होतं. चर्चमागच्या जुन्या दफनभूमीत, उत्तरेच्या भिंतीकडेला, तिच्या आईची कबर होती. तिच्या शेजारी जागा मोकळी होती. तीस वर्षं दर शनिवारी जाऊन आईनं कबरीबरोबर ती मोकळी जागाही झाडली होती, घरातली एखादी खोली झाडावी तशी.

आणि आता समितीचा नवा नियम निघाला होता. जुन्या दफनभूमीत जागा थोडी उरली. तेव्हा ज्यांच्या पूर्वजाची नोंद चर्चच्या सर्वांत जुन्या बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, त्यांनाच तिथं जागा. बाकीच्यांनी गावाबाहेर, हमरस्त्यापलीकडच्या नव्या मैदानात जावं. 'आपल्या मातोश्रींची नोंद आम्ही तीन वेळा शोधली, आढळली नाही. क्षमस्व.' खाली अध्यक्षांची सही.

"क्षमस्व म्हणजे काय गं?" आईनं विचारलं.

"माफ करा."

"नाही करत." आईनं पत्राची घडी घातली, बोटानं दाबून तिला इस्त्रीसारखी कड आणली आणि उशीखाली सारली. "त्या मैदानात मी जाणार नाही. शेजारून ट्रक जातात. माणसानं मेल्यावर तरी झोपावं की नाही? आणि ऐक पोरी, मरायला माझी ना नाही. पण पत्ता ठरल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

सही करणारे अध्यक्ष म्हणजे थोरले मामा. आता हे मामा कसे, ते सांगायला हवं. गावात गिरणीवाले म्हणून एक घराणं होतं. गिरणी केव्हाच बंद पडली, पण ताठा चालू राहिला. बाईंची आजी, म्हणजे आईची आई, त्या घरात वाढली. स्वयंपाकघरालगतच्या खोलीत झोपायची, घरची कामं करायची आणि वयात आल्यावर तिथूनच एका गाडीवानाशी तिचं लग्न लावून दिलं. कुणाची, कुठली, कुणी विचारलं नाही. त्याच घरात तिच्याच वयाचा एक मुलगा होता, मालकांचं शेंडेफळ. आजी त्याला भाऊ म्हणायची. लोकांना वाटायचं, मानलेला असेल. शेवटच्या आजारात आजीनं लेकीचा हात धरून सांगितलं होतं, "मी त्या घरची आहे. पाहुणी नव्हते." पुढं विचारेपर्यंत ती गेली. ते एक वाक्य आईनं जन्मभर जपलं.

त्या शेंडेफळाचा मुलगा म्हणजे थोरले मामा. वय अठ्ठ्याहत्तर. आईला ते ताई म्हणत, आई त्यांना धाकट्या म्हणे. तोंडात ताई आणि कागदावर परकी, असला हा प्रकार. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्या, आता घराण्याची मोजत होते. त्यांच्या दिवाणखान्यात आख्खी भिंत व्यापून एक फळी होती. तिच्यावर तैलरंगात झाड काढलेलं, आणि पानापानावर नावं.

पत्र आलं त्याच दिवशी बाई तिथं जाऊन उभ्या राहिल्या.

"हे माझे आजोबा, गिरणीचे मालक," मामांनी काठीनं खोडाकडे दाखवलं. बाई काय विचारायला आल्या होत्या याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. आलेल्या प्रत्येकाला झाड बघावंच लागे. "हे माझे वडील, सर्वांत धाकटे. वडील जन्मले तेव्हा आजी बावन्न वर्षांच्या होत्या. बावन्न! देवाचा चमत्कार."

"आणि हे तपकिरी पान?"

"ती माझी आत्या. लहानपणीच वारली."

"बरं मामा, तुमच्या वडिलांची नोंद आहे ना वहीत?"

मामांनी काठी खाली घेतली. "ते पान वाळवीनं खाल्लं."

"आणि माझ्या आजीचं?"

"तुझ्या आजीचं पान मुळात नव्हतंच."

"वाळवी बरीच निवडून खाते म्हणायची."

"हे बघ बाळ," मामा म्हणाले. छप्पन्नाव्या वर्षीही त्या मामांच्या लेखी बाळच होत्या. "तुझी आजी आमच्या घरात वाढली, हे मी कधी नाकारलं? पण घरात वाढणं वेगळं आणि घरात जन्मणं वेगळं. नियम मी सगळ्यांना सारखाच लावतो."

बाईंना त्या क्षणी ती फळी भिंतीवरून उपटून खळीत बुडवावी असं वाटलं. पण त्या गप्पपणे बाहेर पडल्या आणि सरळ चर्चच्या कार्यालयात गेल्या. त्या गप्प बसल्या की समजावं, काहीतरी शिजतंय.

फादर नवे होते, येऊन आठ महिने झालेले, तरुण, आणि समितीला जरा भिणारे. त्यांनी लोखंडी कपाट उघडून वही काढली आणि टेबलावर ठेवली. "तुम्हीच बघा. मामांनी तीनदा बघितली, मी एकदा. नाहीये हो."

बाईंनी नाव शोधायला सुरुवात केली नाही. आधी पानं मोजली. हाताला सवयच ती. सोळा फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेले गठ्ठे, प्रत्येकात सोळा पानं, एकूण दोनशे छप्पन्न. शिवण मूळची, दोरा कुठं तुटलेला नाही, मधूनच पान फाडल्याची खूण नाही. पुढच्या पुठ्ठ्यावर वाळवीची तीन भोकं होती, पण ती पुठ्ठ्यातच संपली होती.

"फादर, या वहीतलं एकही पान वाळवीनं खाल्लेलं नाही," बाई म्हणाल्या. "मामांच्या वडिलांचं पान गेलं म्हणतात, ते कुठून गेलं?"

 बाई वाचू लागल्या. आजीचं जन्मवर्ष आलं. त्या वर्षी अकरा मुलांचे बाप्तिस्मे झालेले. एका हातानं, बारीक तिरक्या अक्षरात, मूल, वडील, आई, तारीख. अकराही परकी. पुढची वर्षं, मागची वर्षं, काही नाही. नोंदी संपल्या आणि कोरी पानं लागली. दहा, वीस, तीस कोरी पानं.

"मामांनीही इथंच मिटली होती," फादर म्हणाले.

बाईंनीही मिटली. मग बाइंडर करतो ते केलं: वही उचलून उजेडात धरली आणि पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. वही वापरली की कडेला मळ धरतो. जिथं बोट लावून पान उलटतात तिथं, म्हणजे खालच्या कोपऱ्यात. या वहीच्या पुढच्या भागाचा मळ खालच्याच कोपऱ्यात होता. मधली कोरी पानं स्वच्छ. आणि शेवटची चाळीसेक पानं पुन्हा मळलेली. मात्र तिथला मळ वरच्या कोपऱ्यात होता.

वरच्या कोपऱ्याला बोट लावून कोण पान उलटतं? कुणीच नाही. पण वही उलटी धरली तर?

बाईंनी वही पालथी घातली, वरची बाजू खाली केली, आणि मागचा पुठ्ठा दार उघडावं तसा उघडला. तेच बारीक तिरकं अक्षर. पहिल्या पानावर मथळा: 'विवाहाबाहेरील'.

जुन्या पाद्र्यांची ती रीत होती. लग्नाच्या बायकांची मुलं वहीत पुढून लिहायची. बिनलग्नाच्या पोरींची मुलं लिहायची त्याच वहीत, पण वही उलटी करून, मागून. म्हणजे त्यांचं नाव चांगल्या घरच्या मुलांच्या नावाला चुकूनसुद्धा लागायला नको. बाप्तिस्म्याचं पाणी एकच, पण पान वेगळं. वडिलांच्या रकान्यात पट्टी लावून आडवी रेघ मारलेली. प्रत्येक नोंदीला.

सतराव्या क्रमांकावर आजी होती. तिचं नाव, तिची तारीख. आईच्या रकान्यात गिरणीमालकांच्या धाकट्या लेकीचं नाव, वय एकोणीस. मामांच्या झाडावर लहानपणीच वारलेलं ते तपकिरी पान.

त्याच्या खाली अठरावी नोंद. मुलगा. तीच तारीख, तीच आई. आणि नाव मामांच्या वडिलांचं.

जुळी होती. मुलगा होता म्हणून तो म्हाताऱ्या मालकिणीचा चमत्कार झाला आणि गादीवर झोपला. मुलगी होती म्हणून ती स्वयंपाकघरालगतच्या खोलीत गेली. एका पोटातून आलेली दोन मुलं, एक ओळ खाली-वर.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मागोमाग संतापही. पाद्र्यावर नाही, तो मरून गेला होता. त्यांना राग आला त्या मळाचा. इतका मळ म्हणजे शंभर वर्षांत कितीतरी जणांनी ही पानं उलटली होती. कारकुनांनी, पाद्र्यांनी, समितीच्या शहाण्यांनी. इतकी बोटं इथं येऊन गेली आणि एकाचंही तोंड उघडलं नाही.

"मी... मला खरंच माहीत नव्हतं," फादर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आता झालं ना? मग सतराव्या नोंदीची नक्कल द्या, शिक्का मारून."

"आणि अठरावीची?"

"आधी आईला विचारते."

आईनं सगळं पडल्या पडल्या ऐकलं.  मग तिला हसू फुटलं, इतकं की बाईंना तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. "बावन्नाव्या वर्षी चमत्कार! अगं, मलाही सांगायचा गं तो, दर नाताळाला!" हसता हसता ती रडली, आणि रडून झाल्यावर तिनं डोळे पुसून आपल्या गाउनची कॉलर सरळ केली.

"खरं बोलली माझी आई," ती म्हणाली. "पाहुणी नव्हती."

"मग आता जाऊन मामांच्या तोंडावर मारते अठरावी नोंद. बघते कशी जागा देत नाहीत."

"नाही."

"अगं पण..."

"नाही म्हणते ना. त्याच्या बापाला चव्हाट्यावर आणून मला जागा नको. घाबरून दिली तर ती भीक झाली. माझी आई वहीत आहे, नियमात बसते. तिच्या नावावर मिळाली पाहिजे." आईनं बाईंचा हात घट्ट धरला. "तू तोंड उघडायचं नाहीस. शपथ आहे माझी."

बाईंनी जन्मात इतकं अवघड काम घेतलं नव्हतं. पण घेतलं.

अर्ज गेला, सोबत शिक्क्याची नक्कल. चार दिवसांनी मामा स्वतः दुकानात आले. दाराशी वाकले, तरी टोपी अडकून पडली. रागानं त्यांना ती उचलायचंही भान नव्हतं.

"आमच्या आत्यावर आळ घेतेस? लहान वयात मेलेल्या पोरीवर?"

"मी नाही घेतला. पाद्र्यानं लिहून ठेवलंय."

"कुठं? मागच्या बाजूला! मागची बाजू म्हणजे वही नव्हे. ज्याला जे खरडायचं ते तिथं खरडतात. समितीत मी तसं स्पष्ट मांडणार आहे." मामांनी कापडात गुंडाळलेली वही टेबलावर ठेवली. तीच वही. "ही नव्यानं बांधून चर्चमध्ये काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलंय. गावात तुझ्याशिवाय बाइंडर नाही, नाइलाज आहे. ती मागची पानं काढून टाक. मधली कोरीही काढ. वही आटोपशीर होईल."

"मामा," बाई म्हणाल्या, "काढायचं तर काढू. पण त्याआधी ती पानं एकदा वाचा. इथं बसून वाचा, मी चहा करते."

"असली घाण मी उघडणार नाही."

"एकदाच."

"मी जन्मभर हद्दी मोजल्या. हद्दीबाहेरचं मोजत नाही."

एक वाक्य. फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते बाईंच्या दातांमागं येऊन उभं होतं. त्यांनी ते कसं गिळलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"दोनशे छप्पन्न पानं मोजून घेतली," त्या म्हणाल्या. "दोनशे छप्पन्न परत देईन."

"म्हणजे?"

"म्हणजे काही काढणार नाही. पान काढायचं असेल तर दुसरा बाइंडर शोधा. आणि जाताना वाका, दार बुटकं आहे."

मामा वही परत घेऊन जाऊ शकले असते. पण काचेची पेटी तयार होती, तारीख छापून झाली होती. टोपी तिथंच टाकून ते तरातरा निघून गेले.

बाईंनी अकरा दिवस घेतले. दुकानाला कडी लावून, दुसरं काम न घेता. जुना दोरा उसवला, प्रत्येक फर्म्याच्या पाठीला पातळ कागदाचे पट्टे लावले, मळ धुतला नाही, तसाच ठेवला. त्याच भोकांतून नव्या दोऱ्यानं शिवलं. ना पान पुढं गेलं, ना मागं, ना उलटं होतं ते सुलटं झालं. जे जसं लिहिलं तसं राहिलं पाहिजे. फक्त पुठ्ठे आणि कापड नवं, कारण ते बाइंडरचं असतं, त्यावर पाद्र्याचा हक्क नसतो. गडद निळं कापड, आणि त्यावर सोनेरी वर्खात तापल्या ठशानं दोन ओळी: 'बाप्तिस्म्यांची वही. पहिली.'

रविवारी सकाळची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या सभागृहात समिती बसली. मामा धरून पाच जण, फादर, आणि आसपास घुटमळणारे पंधरावीस लोक. आईला बाईंनी चाकाच्या खुर्चीतून आणलं. डॉक्टर नको म्हणाले होते. आईनं सकाळी उठून स्वतःच्या हातानं स्वतःच्या कपड्यांना इस्त्री केली होती, मधे दोनदा बसून.

बाईंनी वही टेबलावर आडवी ठेवली नाही. कडेवर उभी ठेवली आणि मागं सरकल्या.

मामांनी ती उचलली. राग होता, पण काम बघून हात आपोआप फिरला कापडावरून. "काम बापासारखं करतेस, हे मानलं पाहिजे." त्यांनी सोनेरी अक्षरं बघितली, सरळ दिसत होती. उघडली. पहिल्या पानावर वेळ न घालवता, चष्मा नाकावर ढकलत, भराभर वर्षं उलटू लागले, कारण पाठ असलेलं वर्ष एकच होतं, वडिलांच्या जन्माचं. "बघू तरी, नव्यानं बांधल्यावर काही दिसतंय का... नोंद अठरा. अठरा!" त्यांचा आवाज चढला. "सापडलं! वाळवीनं खाल्लंच नव्हतं! ऐका, माझे वडील!" त्यांनी वडिलांचं नाव मोठ्यानं वाचलं. तारीख वाचली. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. "वडील..." मामा थबकले. तिथं पट्टीनं मारलेली रेघ होती. "आई..."

पुढं ते वाचेनात.

 फादर स्वतःच्या बुटांकडे बघत होते. बाई तोंड घट्ट मिटून उभ्या होत्या; शपथ अजून होती.

"थांबलास का, धाकट्या?" आई म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण ऐकू सगळ्यांना गेला. "लिहिलंय ते वाच. लाजायचं असेल तर रेघ मारणाऱ्यानं लाजावं, आपण का? आणि वरची ओळही वाच. ती माझी आई आहे. तुझ्या बापाआधी आली ती जगात, म्हणून वर आहे."

मामांनी वही मिटली. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं. उलटली. दुसऱ्या पुठ्ठ्यावरही तीच सोनेरी अक्षरं, तितकीच मोठी, तिकडून धरली की तिकडून सरळ. त्यांनी पुन्हा उलटली. पुन्हा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मोजणीदार हातातल्या वहीची हद्द शोधत होता.

"मागची बाजू कोणती?" त्यांनी शेवटी विचारलं. भांडण्याचा आवाज नव्हता तो.

"मला नाही सापडली, मामा," बाई म्हणाल्या. "सगळी पानं मोजली मी."

समितीच्या चिटणिसांनी घसा साफ केला. अर्जाचं काय लिहायचं, असं त्यांना विचारायचं होतं. मामांनी हातानं थांबवलं, वही पुन्हा उघडली, त्याच पानावर, आणि उभं राहून सतरावी नोंद वाचली. मुलीचं नाव, तारीख, रेघ, आईचं नाव, वय एकोणीस. मग अठरावी वाचली. रेघेसकट शेवटपर्यंत वाचली.

"लिहा," ते चिटणिसांना म्हणाले. "वहीत नोंद आहे."

दुपारी मामा दुकानात टोपी न्यायला आले. आई खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. मामा तिच्यासमोर पुठ्ठ्यांच्या चवडीवर बसले. मग म्हणाले, "ताई, झाडावरचं ते तपकिरी पान हिरवं करून घेतो. खाली दोन फांद्या काढतो."

"माझ्या आईची वर काढ."

"वर काढतो." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "आणि... त्या उत्तरेच्या भिंतीकडेच्या जागेसाठी मीही अर्ज केला तर? तुझ्या शेजारी?"

आईनं त्यांच्या कॉलरकडे बघितलं, मग तोंडाकडे. "माझ्या शेजारी नको. एक जागा सोडून."

"का?"

"मधली माझ्या पोरीची. आता तीही वहीतली आहे. आणि तू घोरतोस."

पत्ता ठरला तशी आई हलेल, असं डॉक्टरांना वाटलं होतं. ती त्यानंतर चौदा महिने जगली. विचारलं तर म्हणायची, जागा पक्की झाल्यावर घाई कसली. ती गेली तेव्हा मामांनी स्वतः टेप आणून उत्तरेच्या भिंतीकडेला, आजीच्या कबरीपासून पुढं तीन जागा मोजून दिल्या, आणि मधल्या जागेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या. बाई दर शनिवारी तिघींची जागा झाडतात: आजीची, आईची आणि स्वतःची. मामांची मामांनी झाडावी, असं त्यांनी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे.